गिअरचं तेल कधी पाहावं?

मंडळी, मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए.ला विषय मराठी. त्यामुळे आज मी मोटारीच्या गिअरबॉक्समधल्या तेलाबद्दल बोलणार आहे हे कळल्यावर आमच्या नाक्यावरचा मिस्त्री मनापासून हसला. ‘सर, तुम्ही कविता सांगा, ऑइलचं आम्ही बघतो,’ म्हणाला. त्याचं हसणं रास्तच होतं. पण या तेलाच्या बाबतीत माझ्या हातून एकदा एक चूक झाली आणि तिची किंमत माझ्या थोरल्या बहिणीनं मोजली. चूक अगदी साधी होती, कुणाच्याही हातून होईल अशी. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं.

आमची आपा चिपळूणजवळच्या एका शाळेत गणित शिकवायची. लहानपणी पोलिओ झाला आणि तेव्हापासून तिच्या डाव्या पायात जोर राहिला नाही. साध्या गाडीत डाव्या पायाला काम एकच, क्लच दाबायचं. नेमकं तेच तिला जमणारं नव्हतं. मग २००८ साली आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. अशा गाडीत क्लचचं पॅडल नसतं. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजवा पाय सांभाळतो आणि गिअर गाडी आपले आपण बदलते. लोकांना वाटायचं, मास्तरीणबाईंना ही काय चैन सुचली! पण पहिल्या दिवशी आपा एकटी शाळेत गेली आणि एकटी परत आली, तेव्हा अम्मी दारात उभी राहून नुसती बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा आपाला कुठे जायचं तर कुणाची वाट पाहावी लागली नव्हती.

२०११च्या दिवाळीच्या सुट्टीत कराडला जायचं ठरलं. निघायच्या दिवशी सकाळी मी मोठ्या उत्साहानं बॉनेट उघडलं. इंजिन ऑइल कसं बघतात ते मला माहीत होतं. गाडी सपाट जागी उभी, इंजिन बंद, तेल खाली उतरू द्यायचं, मग पट्टी ओढायची, पुसायची, परत घालायची आणि बघायची. ते केलं. शेजारी गिअरबॉक्सच्या तेलाची वेगळी पट्टी होती. तिलाही तोच न्याय लावला. तेल वरच्या खुणेच्याही थोडं वर लागलेलं दिसलं. मी ओरडलो, ‘आपा, एकदम फुल आहे!’

पोफळी सोडली आणि कुंभार्ली घाट लागला. निम्म्या घाटात गाडीचं इंजिन ओरडायला लागलं. आपा पाय दाबत होती, इंजिनच्या फेऱ्यांचा काटा वर चढत होता, पण गाडी पुढे सरकायला तयार नव्हती. मग जळका वास आला. आपानं कशीबशी गाडी कडेला घेतली. शेवटी ती ट्रकवर चढवून चिपळूणला परत आणावी लागली. गिअरबॉक्स उघडला तेव्हा आतल्या क्लच प्लेटा कोळशासारख्या काळ्या पडल्या होत्या. तेल दीडेक लिटर कमी होतं. तेल थंड करायला नेणाऱ्या नळीच्या जोडातून ते किती दिवस थेंब थेंब गळत होतं कोण जाणे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक आला आणि गाडी दोन महिने अठरा दिवस गॅरेजमध्ये पडून राहिली. तेवढे दिवस आपा पुन्हा रिक्षावाल्याची वाट पाहत फाटकाशी उभी राहू लागली. मला ती एकच वाक्य म्हणाली, ‘तू बघितलंस म्हणालास, म्हणून मी बघितलं नाही.’

आता प्रश्न असा, की तेल दीड लिटर कमी होतं तर पट्टीवर ते फुल कसं दिसलं?

याचं उत्तर मला आमच्या मामूंनी दिलं. मामू कुवेतमध्ये पंचवीस वर्षं गॅरेजमध्ये काम करून परतलेले. तिकडे ऑटोमॅटिक गाड्याच जास्त, त्यामुळे या गिअरबॉक्समध्ये त्यांचे हात मुरलेले. त्यांनी घरातले दोन टेबलफॅन मागवले आणि समोरासमोर ठेवले. एकाची पिन बोर्डात घातली, दुसऱ्याची तशीच लोंबती ठेवली. पहिला पंखा सुरू झाला आणि त्याच्या वाऱ्यानं दुसऱ्याचीही पाती हळूहळू फिरू लागली. मामूंनी दुसऱ्या पंख्याची पाती पेन्सिलीनं अडवून धरली. पहिला आपला फिरतच राहिला.

‘आता वाऱ्याच्या जागी तेल आहे असं समज,’ मामू म्हणाले, ‘आणि दोन्ही पंखे तेलानं भरलेल्या एका बंद डब्यात आहेत. पहिला पंखा इंजिनला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला.’ या डब्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. दोन पंख्यांच्या मध्ये एक तिसरं चाक असतं. ते परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतं, त्यामुळे गाडी उभ्यावरून निघताना जास्त जोर मिळतो. सिग्नलला ब्रेक दाबून गाडी उभी असली तरी इंजिन बंद पडत नाही, त्याचं कारणही हेच. दुसरा पंखा अडवलेला असतो, पहिला तेल घुसळत राहतो.

म्हणजे साध्या गाडीत गिअर ऑइलचं मुख्य काम दातेरी चाकांची झीज थांबवणं एवढंच असतं. ऑटोमॅटिक गाडीत मात्र इंजिनचा जोर चाकांपर्यंत नेण्याच्या वाटेत तेल स्वतः उभं असतं. शिवाय गिअरबॉक्समध्ये एक पंप असतो. तो हेच तेल दाबानं क्लच प्लेटांच्या वेगवेगळ्या जुडग्यांवर पाठवतो. कोणत्या जुडग्यावर दाब द्यायचा आणि कोणत्याचा सोडायचा, यावर गिअर ठरतो. हेच तेल आतल्या भागांना वंगण देतं आणि त्यांची उष्णताही बाहेर वाहून नेतं. चार माणसांचं काम एकटं तेल करतं.

इंजिन चालू असताना पंप हे तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, वरच्या नळ्यांमध्ये आणि थंड करणाऱ्या जाळीत भरून ठेवतो. उरलेलं तेल तळाच्या चेंबरमध्ये असतं. पट्टी मोजते ती फक्त चेंबरमधल्या तेलाची उंची. इंजिन बंद केलं की पंप थांबतो आणि वर गेलेलं तेल हळूहळू खाली उतरतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत चेंबर भरलेला दिसतो तो यामुळे. मामूंनी याला आमच्या कोकणातलाच दाखला दिला. गणपतीच्या दिवसांत गावातली माणसं मोजली तर घरं कशी भरलेली दिसतात! चाकरमानी मुंबईला परतले, की रोज गाव चालवायला किती माणसं उरतात ते कळतं. मी गणपतीत शिरगणती केली होती.

दुसरी गोष्ट उष्णतेची. तेल तापलं की फुगतं. त्यामुळे थंड तेलाची पातळी आणि गरम तेलाची पातळी एकच नसते. अनेक पट्ट्यांवर यासाठी ‘कोल्ड’ आणि ‘हॉट’ अशा दोन वेगळ्या खुणा असतात. ‘हॉट’ची खूण साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअस तापलेल्या तेलासाठी असते. ‘कोल्ड’ची खूण तेल बदलल्यावर सुरुवातीचा अंदाज घेण्यापुरती. खरं माप गरम तेलाचं.

तर आता पट्टी असलेल्या ऑटोमॅटिक गाडीत तेल कसं पाहायचं ते क्रमानं सांगतो.

आधी गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणावी. नुसती दारात चालू ठेवून गिअरबॉक्सचं तेल पुरेसं तापत नाही. मात्र घाट चढून आल्या आल्या किंवा भर उन्हात तासभर ट्रॅफिकमध्ये अडकून आल्यावर लगेच पाहू नये. तेव्हा तेल वाजवीपेक्षा जास्त तापलेलं असतं. अर्धा तास जाऊ द्यावा आणि थोडा फेरफटका मारून पाहावं.

गाडी अगदी सपाट जागी उभी करावी. आमच्याकडे अंगणं उतरती असतात, तिथे माप चुकतं. हँडब्रेक ओढावा, इंजिन चालूच ठेवावं. उजव्या पायानं ब्रेक घट्ट दाबून गिअरचा दांडा पार्किंगपासून शेवटपर्यंत एकेका खाचेत दोन-तीन सेकंद थांबवत न्यावा आणि पुन्हा पार्किंगला आणावा. यामुळे तेल सगळ्या वाटांनी फिरून येतं.

मग बॉनेट उघडावं. इथे सावध राहावं, कारण इंजिन चालू आहे. ओढणी, पदर, शर्टाची मोकळी बाही फिरत्या पट्ट्याजवळ जाता कामा नये. रेडिएटरचा पंखा मध्येच आपोआप सुरू होतो, तिकडे हात नेऊ नये. मुलांना लांब ठेवावं. बंद गॅरेजमध्ये हे काम करू नये, धूर कोंडतो.

पट्टी काढावी आणि धागे न सुटणाऱ्या स्वच्छ फडक्यानं पुसावी. या गिअरबॉक्समधल्या तेलाच्या वाटा फार बारीक असतात, फडक्याचा एखादा धागाही आत गेलेला चालत नाही. पट्टी पूर्ण आत बसवून पुन्हा काढावी आणि दोन्ही बाजूंनी पाहावी. नळीच्या आतल्या भिंतीला लागलेलं तेल कधी एका बाजूला फसवं वर दिसतं. ज्या बाजूला कमी दिसतं, ते माप धरावं. ‘हॉट’च्या दोन खुणांच्या मध्ये तेल असलं, की ठीक.

पण एक लक्षात ठेवा. काही गाड्यांत रीत वेगळी असते. काही कंपन्या सांगतात, की गाडी तापवून आणावी, इंजिन बंद करावं आणि मिनिट-दीड मिनिटाच्या आत पट्टी पाहावी. काही गाड्यांत दांडा पार्किंगऐवजी न्यूट्रलला ठेवायचा असतो. म्हणून गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक आधी उघडावं. आमच्याकडे ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत तसंच होतं. त्यात सगळं छापलेलं होतं. मी बी. ए. झालेला माणूस, पण तेवढं वाचलं नव्हतं.

पातळीबरोबर तेलाचा रंगही पाहावा. हे तेल बहुतेक वेळा लाल रंगाचं करतात. कारण असं, की इंजिन ऑइलपासून ते वेगळं ओळखू यावं. रंग ओळखायला मामूंनी दिलेली खूण आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. चांगलं तेल कोकम सरबतासारखं लाल आणि आरपार दिसणारं. वापरून वापरून ते थोडं गडद होतं, त्याला घाबरायचं कारण नाही. पण ते कोऱ्या चहासारखं तपकिरी-काळं झालं आणि जळका वास येऊ लागला, तर आतल्या प्लेटा घासून जळत आहेत असं समजावं. आणि सोलकढीसारखं दुधाळ गुलाबी दिसलं, तर तेलात पाणी शिरलं आहे. बऱ्याच गाड्यांत हे तेल थंड करायची नळी रेडिएटरच्या आतून जाते. ती फुटली की रेडिएटरचं पाणी तेलात येतं. अशी गाडी पुढे चालवूच नये. एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाहिला तर रंग चांगला कळतो आणि धातूचा चुरा असेल तर तोही चमकतो.

आता समजा, तेल कमी निघालं. माणसाचा पहिला विचार असतो, बाटली आणू आणि ओतू. पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, तेल गेलं कुठे? इंजिनमधलं तेल थोडंफार जळून कमी होऊ शकतं. गिअरबॉक्समधलं तेल जळून संपत नाही, ते बंद घरातच फिरत असतं. ते कमी झालं म्हणजे कुठून तरी गळतंय. गळती न शोधता वरून तेल ओतत राहणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

तेल घालायचंच असेल तर पट्टीच्याच नळीतून लांब नरसाळ्यानं, थोडं थोडं घालावं आणि दर वेळी पुन्हा मोजावं. पुष्कळ गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर अर्ध्या लिटरच्या आसपास असतं. जास्त घालून ठेवलं तर बरं, असा हिशेब इथे चालत नाही. पातळी फार वर गेली की आतले फिरते भाग ते तेल घुसळून त्याला फेस आणतात. फेसात हवा असते आणि हवा दाबली जाते. मग क्लच प्लेटांवर पुरेसा दाब बसत नाही, त्या घसरतात आणि जळतात. तेल कमी असलं तरी हेच होतं, कारण पंप तेलाबरोबर हवा ओढू लागतो. दांडा ड्राइव्हला टाकल्यावर गाडी निघायला दोन-तीन सेकंद उशीर होणं, इंजिनचा आवाज चढूनही वेग न वाढणं, ही त्याची लक्षणं. आपाच्या गाडीला तो उशीर होत होता. ‘जुनी गाडी आहे, विचार करते जरा,’ असं आम्ही हसून म्हणायचो.

तेल कोणतं, हेही पुस्तकातच पाहावं. लाल दिसतं म्हणून कोणतंही लाल तेल चालत नाही. १९३९ साली अमेरिकेत जनरल मोटर्सनं हायड्रा-मॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला आणि तो १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत बसवला. पुढे १९४९ साली त्याच कंपनीनं अशा गिअरबॉक्सच्या तेलाचं पहिलं अधिकृत प्रमाण ठरवलं. क्लच प्लेटांनी नेमकं किती घसरून मग घट्ट धरायचं, हे बऱ्याच अंशी तेलात मिसळलेल्या द्रव्यांवर ठरतं. त्यासाठी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिकडे स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचं तेल मिसळत असत. तो देवमासा नामशेष होऊ नये म्हणून अमेरिकेत बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना दुसरी द्रव्यं शोधावी लागली. बाटलीवरच्या आकड्या-अक्षरांमागे एवढं सगळं असतं. एका प्रकारच्या गिअरबॉक्सला जे चांगलं, ते दुसऱ्याला बिघडवू शकतं.

आणि आता तर प्रकारही वाढले आहेत. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे एएमटी गाड्या आल्या आणि क्लचशिवायची गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पण एएमटीमध्ये गिअरबॉक्स आणि क्लच साधेच असतात, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. त्यात हे लाल तेल नसतं, साधं गिअर ऑइल असतं. सीव्हीटीमध्ये दोन पुलींवरून पट्टा फिरतो, तिचं तेल वेगळं. दोन क्लचच्या गिअरबॉक्सचं आणखी वेगळं. म्हणून तेलाचा विषय काढण्याआधी आपली गाडी यातली कोणती, एवढं तरी माहीत हवं.

पुष्कळ नव्या गाड्यांत पट्टीच नसते. ग्राहकानं यात हात घालू नये, असं कंपन्यांना वाटतं. तिथे गाडी रॅम्पवर समपातळीत चढवतात, इंजिन चालू ठेवतात आणि कॉम्प्युटर जोडून तेलाचं तापमान पाहतात. ते ठरलेल्या अंशांवर, कितीतरी गाड्यांत ३५ ते ४५च्या दरम्यान, आलं की खालचा एक बोल्ट उघडतात. तेलाची धार बारीक होत थेंबांवर आली, की पातळी बरोबर. अजिबात काही आलं नाही तर तेल कमी. पाहा, पट्टी गेली तरी नियम तोच राहिला. इंजिन चालू हवं आणि तापमान माहीत हवं. सर्व्हिसिंगला गेलात आणि कुणी ‘लेव्हल बघितली’ म्हणालं, तर ‘तेव्हा तापमान किती होतं?’ एवढं विचारा. खरंच बघितली असेल तर आकडा लगेच सांगतील.

काही गाड्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, की हे तेल आयुष्यभरासाठी आहे. आयुष्य कुणाचं, ते लिहिलेलं नसतं. असे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः साधारण लाखभर किलोमीटरनंतर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायचा सल्ला देते. घाट, उकाडा आणि ट्रॅफिक यांत चालणाऱ्या आपल्याकडच्या गाड्यांनी तो ऐकलेला बरा.

आपा आता निवृत्त झाली आहे. तिच्या आत्ताच्या गाडीला पट्टी नाही. पण गाडी उभी करताना ती खाली जुन्या खोक्याचा एक पुठ्ठा सरकवून ठेवते आणि सकाळी त्याच्याकडे बघते. काळा डाग म्हणजे इंजिन ऑइल, लालसर डाग म्हणजे गिअरबॉक्स, नुसतं पाणी म्हणजे एसीचं. डाग दिसला तर त्याच्या शेजारी पेन्सिलीनं तारीख घालते. गणिताची बाई आहे ती.

परवा शेजारच्या मुलानं नवी गाडी आणली आणि मला विचारलं, ‘चाचा, जरा ऑइल बघता का?’ मी म्हटलं, ‘बघतो. आधी एक चक्कर मारून ये, आणि येताना इंजिन बंद करू नकोस. तोवर तुझ्या गाडीचं पुस्तक मला दे.’